स्कोअर किती?

परदेशात राहणाऱ्या आणि संगणकाशी दूरान्वयेही संबंध असलेल्या प्रत्येक मराठी माणसाला मायदेशातून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "परत कधी येणार?" ह्याचं उत्तर विचारणाऱ्यालाही नको असतं. दुसरा, "एक भारी मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ?" ह्याचं उत्तर मात्र हवं असतं, आणि तेही एका आकड्यात.

मी विचारतो, "त्यावर चालवणार काय?" समोरून थोडी शांतता. मग, "ते बघू रे नंतर. ह्याचा सिनेबेंचचा स्कोअर जास्त आहे. मग हेच चांगलं ना?"

हा लेख त्या "ना"बद्दल आहे. आणि आधीच सांगून टाकतो की भांडायलाच लिहितोय, तेव्हा ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल येऊ द्यावा. माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्या कामाचा प्रोग्राम एकदाही न चालवता, नुसता बेंचमार्कचा छापील आकडा बघून लाखो रुपयांचं वर्कस्टेशन घेणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. स्वतःच्या पैशाने केला तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपल्याकडे कॉलेजं आणि संशोधन संस्था हा अडाणीपणा सार्वजनिक पैशाने करतात, टेंडरमध्ये लिहून करतात, आणि वर त्याला 'वस्तुनिष्ठ निकष' म्हणतात. तिथे माझं डोकं फिरतं.

आता हे सिनेबेंच प्रकरण काय आहे ते बघू. मॅक्सन कंपनीच्या सिनेमा फोरडी ह्या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरमधलं रेंडरिंगचं इंजिन काढून त्याची केलेली ही चाचणी. एक चित्र असतं, त्याचे छोटे छोटे चौकोन पाडतात, प्रत्येक कोअर एकेक चौकोन उचलतो आणि रंगवतो. शेजारच्या चौकोनात काय चाललंय ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लागणारी माहिती बहुतेक सगळी प्रोसेसरच्या आतल्या कॅशमध्ये मावते. म्हणजे कोअर दुप्पट, की स्कोअर जवळजवळ दुप्पट. तुम्ही ॲनिमेशनचा स्टुडिओ चालवत असाल तर ही चाचणी उत्तम आहे, डोळे मिटून वापरा.

पण आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत वर्कस्टेशन घेतात ते कशासाठी? पुलाच्या गर्डरवरचा ताण काढायला, टर्बाइनच्या पात्यावरून हवा कशी जाते ते बघायला, हीट एक्स्चेंजरमधलं तापमान काढायला. ह्या कामांत शेवटी एक प्रचंड मोठं समीकरणांचं कोष्टक सोडवायचं असतं, ज्यातली बहुतेक घरं शून्य असतात. ते कोष्टक कॅशमध्ये मावत नाही. दर फेरीला ते सगळंच्या सगळं मेमरीतून प्रोसेसरपर्यंत आणावं लागतं. इथे प्रोसेसर किती हुशार आहे ह्याला फारसं महत्त्व नाही, माल किती वेगाने पोचतो ह्याला आहे.

लग्नाच्या स्वयंपाकाचं उदाहरण घ्या. शहाण्णव आचारी बोलावलेत, सगळे पट्टीचे. कोठीच्या खोलीला दारं आठ. आता प्रत्येक आचाऱ्याला कांदा, तेल, पीठ त्या आठ दारांतूनच मिळणार. भाजी चिरायचा वेग कितीही असो, पीठच आलं नाही तर आचारी झारा हातात धरून उभा राहणार. तो उभा असताना त्याची मजुरी चालू आणि शेगडीचा गॅसही चालू.

हे उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. २०२३ साली एएमडीने थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स हा प्रोसेसर आणला. कोअर ९६, मेमरीची चॅनेलं ८, किंमत ९,९९९ डॉलर, तीही नुसत्या चिपची. आता कागद-पेन्सिल घ्या, गणित सातवीचं आहे.

त्याची मेमरी डीडीआर५-५२००. एका चॅनेलमधून सेकंदाला ४१.६ गिगाबाइट. आठ चॅनेलं म्हणजे ३३२.८. एका कोअरच्या वाट्याला साडेतीन गिगाबाइटसुद्धा धड येत नाहीत. आता त्या कोष्टकातल्या प्रत्येक शून्येतर आकड्यासाठी ८ बाइटचा आकडा आणि ४ बाइटचा त्याचा पत्ता असे १२ बाइट आणावे लागतात, आणि त्यावर काम होतं दोनच क्रियांचं, एक गुणाकार आणि एक बेरीज. म्हणजे ३३२.८ ला १२ ने भागा आणि दोनाने गुणा. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ५५ अब्ज क्रिया.

ह्याच प्रोसेसरची कागदावरची ताकद किती? ९६ कोअर, मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, दर ठोक्याला दुहेरी अचूकतेच्या १६ क्रिया. गुणाकार केला की ३,८४० अब्ज. म्हणजे आपलं काम जेव्हा ह्या टप्प्यात असतं तेव्हा ह्या यंत्राची जेमतेम दीड टक्का ताकद वापरात येते, बाकी साडेअठ्ठ्याण्णव टक्के कोठीच्या दाराशी उभी! २०२५ मध्ये ह्याची पुढची पिढी आली, मेमरीचा वेग ३३२ वरून ४०९ वर गेला. बरं झालं. पण गोष्ट तीच.

आता खरी गंमत. गंमत कसली, दुःख. माझा एक मित्र महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात शिकवतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण असली कॉलेजं शेकड्याने सापडतील. त्यांना अनुदान मिळालं, टेंडर निघालं. टेंडरमध्ये काय होतं? सिनेबेंचचा अमुक इतका किमान स्कोअर आणि १२८ जीबी मेमरी. सगळ्यात कमी दराच्या पुरवठादाराने थ्रेडरिपर प्रोचं चकचकीत यंत्र आणून दिलं. स्कोअर मागितल्यापेक्षा जास्तच आला. प्राचार्यांनी नारळ फोडला, फोटो निघाले.

मग एम.टेक.च्या एका मुलीने तिचा हीट एक्स्चेंजरचा प्रश्न त्यावर लावला. जुन्या यंत्रावर अकरा तास लागायचे. नव्यावर लागले दहा.

मित्राचा मला फोन. "अरे, हे खराब पीस आहे का?" मी म्हटलं, झाकण उघड आणि मेमरीच्या पट्ट्या मोज. मोजल्या. दोन. ६४ जीबीच्या दोन. म्हणजे आठातली सहा दारं कुलूपबंद आणि मालाचा वेग सेकंदाला फक्त ८३ गिगाबाइट. जुन्या यंत्रात जुनीच डीडीआर४-२४०० मेमरी होती, पण चारही चॅनेलं भरलेली, म्हणजे सुमारे ७७ गिगाबाइट. ७७ चे ८३ झाले, अकरा तासांचे दहा झाले. यंत्र अजिबात खराब नव्हतं, हिशेबाप्रमाणे चोख चाललं होतं!

पुरवठादाराला विचारलं तर तो म्हणाला, "सर, टेंडरमध्ये १२८ जीबी लिहिलंय, १२८ दिली. स्कोअर लिहिलाय, स्कोअर दिला." आणि सांगू का, त्याचं बरोबर आहे. १६ च्या आठ पट्ट्या घातल्या असत्या तर सिनेबेंचचा आकडा फारसा हललाही नसता. ज्या गोष्टीसाठी मार्कच नाहीत तिचा अभ्यास कोण करतो? आता आणखी पट्ट्या घ्यायला त्या हेडखाली पैसे नाहीत, ते पुढच्या वर्षी बघू असं ठरलंय. त्या मुलीची डिग्री काही पुढच्या वर्षीपर्यंत थांबत नाही. ती आपलं जाळं विरळ करून, कमी अचूक उत्तर घेऊन प्रबंध लिहितेय. स्कोअरच्या नादाची किंमत ही अशी चुकती होते, आणि ती चुकवणारी व्यक्ती खरेदी समितीत कधीच नसते.

कुणी म्हणेल, हा एका टेंडरचा घोळ झाला, त्यात बेंचमार्क बिचाऱ्याचा काय दोष? तर मग थोडा इतिहास.

मी इंग्लंडात ज्या भागात राहतो तिथून जवळ, लेस्टरला लागून, व्हेट्स्टोन नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचा अणुऊर्जा विभाग होता आणि १९६० च्या दशकात तिथे केडीएफ९ संगणकासाठी अल्गोल भाषेचा कंपायलर तयार झाला. त्या व्यवस्थेवर लोकांचे खरेखुरे प्रोग्राम कुठल्या प्रकारच्या किती क्रिया करतात ह्याची मोजदाद झाली, आणि त्या प्रमाणावर बेतून १९७२ साली एक कृत्रिम प्रोग्राम लिहिला गेला. नाव पडलं गावाचंच, व्हेट्स्टोन. तो रुजला कुठे? ब्रिटिश सरकारच्या संगणक-खरेदीत! म्हणजे सर्वसाधारण बेंचमार्कच्या ह्या पूर्वजाचा पाळणाच सरकारी टेंडरच्या खोलीत हलला.

त्या प्रोग्रामचं पुढे काय झालं? कंपायलर हुशार झाले. त्यांच्या लक्षात आलं की हा प्रोग्राम नुसती आकडेमोड करतो, उत्तर कुठेच वापरत नाही. मग त्यांनी ती आकडेमोडच गाळायला सुरुवात केली. यंत्र तेच, स्कोअर वर. १९८४ मध्ये ड्राइस्टोन आला (इंग्रजीत 'व्हेट' म्हणजे ओला असं ऐकू येतं, म्हणून हा कोरडा. संशोधकांचे विनोद हे असेच असतात!), त्याचंही तेच झालं.

मग १९८८ मध्ये कंपन्यांनीच एकत्र येऊन स्पेक ही संस्था काढली. खोटे प्रोग्राम नकोत, खरे वापरू म्हणाले. उद्देश चांगला. पण त्यांच्या पहिल्याच संचात मेट्रिक्स३०० नावाचा प्रोग्राम होता. कंपायलरवाल्यांनी त्यातला गुणाकार तुकड्यातुकड्यांनी करायची युक्ती बसवली आणि त्या एका प्रोग्रामचे मार्क असे उसळले की १९९२ च्या संचातून तो काढूनच टाकावा लागला. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्याच स्पेकने इंटेलच्या कंपायलरने काढलेले २,६०० हून अधिक निकाल ग्राह्य नाहीत असं जाहीर केलं. कारण? संचातल्या एका प्रोग्रामची आधीच असलेली माहिती वापरून कंपायलर खास त्याच्यासाठी सुधारणा करत होता. बत्तीस वर्षांनी तोच धडा, त्याच शाळेत.

ग्राफिक्स कार्डांचा इतिहास तर विचारूच नका. २००१ मध्ये एटीआयच्या ड्रायव्हरबद्दल असं उघडकीस आलं की क्वेक ३ ह्या खेळाच्या फाइलचं नाव बदलून क्वॅक ठेवलं की चित्र सुधारतं आणि वेग घटतो. म्हणजे ड्रायव्हर नाव बघून काम करत होता. २००३ मध्ये एन्व्हिडियाची पाळी. थ्रीडीमार्क०३ ही चाचणी करणाऱ्या फ्यूचरमार्कने ड्रायव्हरला चाचणी ओळखता येऊ नये अशी दुरुस्ती केली, तर ५९०० अल्ट्रा कार्डाचा स्कोअर सुमारे २४ टक्क्यांनी पडला. त्यांनी आधी तिला फसवणूक म्हटलं. काही दिवसांनी दोघांचं संयुक्त निवेदन आलं, त्यात तो शब्द मागे घेतला होता. शब्द मागे घेता येतो, २४ टक्के कसे मागे घेणार?

२०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्या धुराची चाचणी ओळखून तेवढ्यापुरत्या सोज्वळ होतात हे कळल्यावर जग हादरलं. संगणकवाल्यांना कसलं आश्चर्य! आमच्याकडे हे कधीचं चालू होतं.

आणि लबाडी अजिबात नसली तरी आकडा फसवतोच. २०१८ मध्ये एएमडीचा २९९०डब्ल्यूएक्स आला. ३२ कोअर, १,७९९ डॉलर, सिनेबेंचवर धमाल. त्याच घरातला २९५०एक्स, १६ कोअर, अर्ध्या किमतीचा. तरी विंडोजवर कित्येक कामांत १६ कोअरवाला पुढे! कारण ३२ कोअरवाल्यात चार तुकडे होते आणि त्यांतल्या दोघांना स्वतःची मेमरीच जोडलेली नव्हती, शेजाऱ्याकडून मागून आणायची. वर विंडोज कामाची वाटणीही नीट करत नव्हतं, लिनक्सवर तेच यंत्र बरंच बरं चालायचं. छापील आकड्यात ह्यातलं काय दिसलं? काहीच नाही.

'प्रोफेशनल' ग्राफिक्स कार्डाच्या नावाखाली जी चौपट किंमत आपण मोजतो, तिचीही कथा ऐका. २०१७ मध्ये एन्व्हिडियाने टायटन एक्सपी ह्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर दिला आणि स्वतःच जाहीर केलं की मायासारख्या सॉफ्टवेअरमध्ये वेग तिपटीपर्यंत वाढेल. कार्ड तेच, एक ट्रान्झिस्टर बदलला नाही. म्हणजे आदल्या दिवसापर्यंतचा कमी आकडा हा सिलिकॉनचा नव्हता, धोरणाचा होता. आणि उलट बाजू अशी की आरटीएक्स ६००० एडा हे महागडं वर्कस्टेशन कार्ड घ्या किंवा खेळ खेळायचं आरटीएक्स ४०९० घ्या, दुहेरी अचूकतेच्या गणितात दोन्हींचा वेग एकेरीच्या चौसष्टाव्या हिश्शाइतकाच. जाहिरातीतला टेराफ्लॉप्सचा आकडा एकेरीचा. आमच्या सॉल्व्हरना बहुधा दुहेरी लागते. हे टेंडर लिहिणाऱ्याला कुणी सांगत नाही, कारण तो विचारत नाही.

आता हा आजार नुसत्या टेबलाखालच्या यंत्रांचा आहे असं समजू नका. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याच्या 'एका' महासंगणकाने टॉप५०० यादीत जगात चौथा नंबर मिळवला, ११७.९ टेराफ्लॉप्स. आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला, मलाही वाटला आणि अजून वाटतो. टाटांच्या लोकांनी पुण्यात ते यंत्र उभं केलं हे खरंच मोठं काम होतं. पण तो नंबर लिनपॅकचा. ही चाचणी भरगच्च कोष्टक सोडवते, आणि भरगच्च कोष्टकात एकदा आणलेला माल पुन्हा पुन्हा वापरता येतो, कोठीत सारखं जावं लागत नाही. जॅक डोंगारांनी लिनपॅक जगाला दिलं, आणि त्यांनीच सहकाऱ्यांबरोबर पुढे एचपीसीजी ही दुसरी चाचणी आणली, कारण लिनपॅक खऱ्या कामांचं चित्र दाखवत नाही हे त्यांना दिसत होतं. फरक किती पडतो? जपानचा फुगाकू लिनपॅकवर ४४२ पेटाफ्लॉप्स, एचपीसीजीवर १६. अमेरिकेचा फ्रंटियर २०२२ मध्ये एक्झाफ्लॉप्स ओलांडणारा यादीतला पहिला, १,१०२ पेटाफ्लॉप्स, आणि एचपीसीजीवर १४. म्हणजे सव्वा टक्का! वर काढलेला आपला दीड टक्का आठवला का? आणि लिनपॅकवर मागे असलेला फुगाकू इथे पुढे. मग जगात पहिला कोण? तर ज्याला ज्या कामासाठी हवा त्याला तो. आमच्या वर्तमानपत्रांना मात्र नंबर पुरतो. त्या यंत्रावर कुठलं गणित सुटलं हे छापायला जागा नसते.

आता विरोधकांचं म्हणणं ऐकू, आणि ते बिनबुडाचं नाही. मित्राच्या कॉलेजातले एक ज्येष्ठ सर मला म्हणाले, "तुम्ही तिकडे बसून बोलता. इथे आकडा नाही लिहिला तर माणसं ब्रँड लिहितात. ब्रँड लिहिला की कुणाचा तरी मेहुणा पुरवठादार निघतो. आकडा आहे म्हणून तरी चोरीला आळा आहे. आणि ऑडिटवाल्यांना आकडाच दाखवावा लागतो."

सर, तुमचं दुखणं मला मान्य आहे, औषध मान्य नाही. आकडा हवाच. पण 'आमची ही केस, ही फाइल, हा सॉल्व्हर, इतक्या मिनिटांत सुटली पाहिजे' हाही आकडाच आहे की! मिनिटं मोजायला घड्याळ लागतं, मेहुणा लागत नाही. ऑडिटवाल्यालाही सिनेबेंचपेक्षा घड्याळ लवकर कळतं. उलट छापील स्कोअरच पुरवठादाराला सोयीचा, कारण तो स्कोअर गाठायचे सगळे स्वस्त मार्ग त्याला पाठ असतात. तुमच्या केसचा रट्टा त्याला मारता येत नाही. दोन पट्ट्यांचं यंत्र ह्या परीक्षेत पहिल्या तासाला नापास झालं असतं.

दुसरा आक्षेप, आमच्या छोट्या कॉलेजाकडे स्वतःची केस कुठे आहे? आहे. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प कपाटात पडलेत त्यांतला सगळ्यात जास्त वेळ खाणारा काढा. नाहीच मिळाला तर ओपनफोम फुकट आहे, त्याच्यासोबत मोटारसायकलस्वाराच्या भोवतीच्या हवेचं उदाहरण येतं, ते मोठं करून चालवा. कॅल्क्युलिक्स फुकट आहे. मेमरीचा वेग मोजणारा जॉन मॅककॅल्पिन ह्यांचा स्ट्रीम हा छोटासा प्रोग्राम फुकट आहे आणि मिनिटाभरात उत्तर देतो. पुरवठादार म्हणाला की दाखवायला यंत्र नाही, तर त्याच जातीचा प्रोसेसर तासाच्या भाड्याने क्लाउडवर मिळतो का बघा. लाखोंच्या खरेदीत काही हजारांचं भाडं जड नाही.

तिसरा आक्षेप जाणकारांचा. स्पेकसारख्या संस्था प्रामाणिक आहेत, सगळी माहिती जाहीर करतात, त्यांना का झोडपता? नाही हो, त्यांना झोडपत नाहीये. स्पेकच्या निकालात कंपायलर कुठला, मेमरीच्या पट्ट्या किती, सगळं लिहिलेलं असतं, आणि सगळ्यात चांगली चाचणी म्हणजे तुमचं स्वतःचं काम असं ते स्वतःच सांगतात. २०२४ चे निकालही त्यांनीच बाद केले. माझं भांडण आहे त्या पानभर माहितीतून एक आकडा ओरबाडून काढणाऱ्यांशी.

इंग्लंडात सगळं आलबेल आहे असंही नाही. इथेही विक्रेते रंगीत आलेख घेऊन येतात आणि भोळे प्राध्यापक भुलतात. पण मोठ्या खरेदीत एक शिस्त दिसते. २०१९ मध्ये एडिंबरोच्या आर्चर२ महासंगणकाची घोषणा झाली तेव्हा जुन्या आर्चरशी तुलना टेराफ्लॉप्समध्ये न करता संशोधक रोज वापरतात त्या पाच प्रोग्रामांवर केली होती. सीपी२के वर ८.७ पट, ओपनएसबीएलआय वर ९.५, कॅस्टेप वर ११.३, ग्रोमॅक्स वर १२.९, आणि हवामानाच्या हॅडजेम३ वर १८ पट अपेक्षित. यंत्र एकच, आकडे पाच, सगळ्यात मोठा सगळ्यात लहानाच्या दुपटीहून जास्त. आता सांगा, 'स्कोअर किती?' ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? रसायनवाल्याला एक आणि हवामानवाल्याला दुसरं, हेच खरं उत्तर.

मला वाटतं आपल्याला हा प्रश्न विचारायची सवय दहावीच्या निकालापासून लागते. पोराला काय येतं हे न विचारता "टक्के किती?" विचारणारा समाज यंत्राला तरी वेगळं काय विचारणार? फरक इतकाच की पोरगं पुढे आयुष्यात टक्क्यांवर मात करू शकतं. यंत्राला ती सोय नाही. पट्ट्या दोन असतील तर दोनच राहतात.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी जे खरेदी समित्यांवर बसतात, त्यांनी पुढच्या टेंडरमध्ये स्कोअरची ओळ खोडून चार ओळी लिहा. मेमरीची सगळी चॅनेलं सारख्या पट्ट्यांनी भरलेली असावीत. आम्ही दिलेली केस आमच्यासमोर, आमच्या खोलीत, अमुक मिनिटांच्या आत सुटावी. ती सलग रात्रभर चालवल्यावर, मे महिन्याच्या उकाड्यातही, वेग घटू नये. आणि हे सिद्ध झाल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. सॉल्व्हरचा परवाना किती कोअरचा आहे तेही आधी बघा, कारण सोळा कोअरचा परवाना आणि शहाण्णव कोअरचं यंत्र ही जोडी मी पाहिलेली आहे. दोन यंत्रांत चार-पाच टक्क्यांचा फरक आला तर त्यावरून भांडूही नका. २००९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलंय की एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्सचा आकार (त्यात तुमचं लॉगिनचं नाव किती लांब आहे हेही आलं) किंवा फाइली जोडण्याचा क्रम बदलला तरी वेग बदलतो.

आणि जे विद्यार्थी आहेत, त्यांनी नव्या यंत्राचा नारळ फुटायच्या आधी झाकण उघडून पट्ट्या मोजाव्यात. सर रागावले तर माझं नाव सांगा.

असो. फोन वाजतोय. भाऊजींना मुलासाठी मशीन घ्यायचंय.